शंभर वर्षांची कॉन्सर्टिना, नवशिका हात आणि मोडायला काढलेली एफडी

वाचकाचा प्रश्न थोडक्यात: वय ४१, नाशिकला सातपूरच्या कारखान्यात मेन्टेनन्सला नोकरी, घर पाथर्डी फाट्याला. शनिवारच्या भजनात पेटी वाजवतात. मँचेस्टरच्या आतेभावाकडे कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून, भाता दाबत-ओढत वाजवायचं बटणांचं छोटं वाद्य) ऐकली आणि तिने मनात घर केलं. आता तिथेच एक जुनी कॉन्सर्टिना विक्रीला आहे: लाशेनाल कंपनीची, ३० बटणांची, अँग्लो जातीची, सी-जी स्वरांची, आतले सूर (आवाज देणाऱ्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे रीड) स्टीलचे, विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे १९०५ च्या आसपासची. किंमत १,७०,००० रुपये, दुरुस्ती आणि स्वर लावून घेणं २०,०००, वाद्य ठेवायची पेटी आणि विमा १५,०००, एकूण २,०५,०००. त्यासाठी १,२०,००० एफडी मोडून आणि उरलेले पत्नीच्या पाटल्यांवर कर्ज काढून उभे करायचे. युक्तिवाद असा की नवीन साधी कॉन्सर्टिना ४८,००० ला मिळते, पण तिला पुढे कुणी विचारत नाही. जुनीची किंमत टिकते, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. घ्यावी का?

उत्तर:

पत्रासोबत घराचा जमाखर्च इतका स्वच्छ लिहून पाठवलात, त्यामुळे थेट बोलता येईल. माझं मत आधी सांगतो. ही कॉन्सर्टिना आत्ता, या पैशांनी घेऊ नका. वाद्य मात्र जरूर शिका. तुम्ही या दोन गोष्टी एकच धरून चालला आहात, आणि सगळी गफलत तिथेच झाली आहे.

तुमचा युक्तिवाद हवेतला नाही. इंग्लंड-आयर्लंडमधले जाणकार नवशिक्याला हेच सांगतात की अगदी स्वस्त कॉन्सर्टिना घेऊ नको. तिची बटणं जड असतात, भाता हवा सोडतो, आणि शिकणारा कंटाळून दोष स्वतःला देतो. त्यापेक्षा चांगली जुनी घे, नाही जमलं तर घेतल्या किमतीच्या आसपास विकून टाक. हा सल्ला खरा आहे, पण तो मँचेस्टरमध्ये राहणाऱ्याला दिलेला आहे. तिथे दुरुस्ती करणारे आहेत, सेशनला, म्हणजे एकत्र बसून वाजवायला, जमणारी मंडळी आहेत, आणि जुन्या वाद्याला गिऱ्हाईक आहे. तुम्ही ते वाद्य नाशिकला आणलंत की किंमत कागदावर तीच राहते, गिऱ्हाईक मात्र सगळं तिकडेच राहतं.

ज्या पाटल्या तुम्ही गहाण ठेवायला निघाला आहात त्यांच्याशीच ताडून पाहा. अडचणीच्या दिवशी त्या घेऊन सकाळी सराफ बाजारात गेलात तर दुपारपर्यंत पैसे हातात असतात. भाव कोणता, घट किती, हे दुकानदारालाही माहीत आणि तुम्हालाही. कॉन्सर्टिना घेऊन तुम्ही कुठे जाणार? मेन रोडवर, कॉलेज रोडवर, कुणालाही विचारा. हे नेमकं काय आहे, इथपासून सांगावं लागेल. मग राहतो एकच मार्ग, परत इंग्लंडला पाठवून विकणं.

इथे एक गोष्ट तुमच्या हिशेबातून पूर्ण सुटली आहे. आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू आणि कलासंपदा कायदा आहे. शंभर किंवा त्याहून जास्त वर्षं जुनी, कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणाला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू मुळात परदेशातून आली असली तरी विमानतळावर प्रश्न तिच्या वयाचा येतो. मग ती पुरावस्तू नाही असं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. कारखान्यात बनलेली कॉन्सर्टिना या व्याख्येत बसते की नाही यावर तुम्ही वाद घालू शकाल, कदाचित जिंकालही. पण विकायची घाई असताना असा वाद घालावा लागणं हेच मोठं नुकसान आहे. विकणारा अभिमानाने १९०५ सांगतोय. तुमच्या दृष्टीने तेच वर्ष अडचणीचं आहे. आत यायला दार उघडं आणि बाहेर जाताना चौकशी, अशा वस्तूला मी गुंतवणूक म्हणणार नाही. तो खर्च आहे. आनंदाचा, मनापासून केलेला, पण खर्च.

एकदा खर्च म्हटलं की हिशेबाची भाषा बदलते. २,०५,००० रुपये सात टक्क्यांनी आठ वर्षं ठेवले तर सुमारे ३,५२,००० होतात. आठ वर्षांनी कॉन्सर्टिनाचे तेवढे आले तर ती गुंतवणूक म्हणून नुसती बरोबरीत सुटली. पौंड महागला तर त्याचा थोडा फायदा तुम्हाला मिळेल, हेही खरं. पण अशा आशेवर घराचा राखीव पैसा लावत नाहीत. कराचंही सांगून ठेवतो. स्वतःच्या वापरातली जंगम वस्तू आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही (दागिने, चित्रं, शिल्पं, कलाकृती यांना ही सवलत नाही). म्हणजे वाद्य नफ्यात विकलंत तर सहसा कर नाही, आणि तोट्यात विकलंत तर तो तोटा कशातूनही वजा करता येत नाही.

आता पैसा कुठून येतोय ते बघू, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १,१२,०००. घराचा हप्ता २७,५००, घरखर्च ५५,०००. म्हणजे काहीही झालं तरी महिन्याला ८२,५०० लागणारच. सहा महिन्यांची सोय धरली तर ४,९५,००० हवेत. तुमची एफडी ३,००,००० ची, म्हणजे आजच ती साडेतीन महिन्यांच्या थोडी पुढे जाते. त्यातले १,२०,००० काढलेत की दोन महिन्यांपुरते उरतील. कारखान्यात ऑर्डर कमी झाल्या की काय होतं, हे सातपूर-अंबडमध्ये नोकरी करणाऱ्याला मी सांगायला नको. शिवाय आरोग्य विमा फक्त कंपनीचा. नोकरी गेली की सहसा विमाही गेला. आणि मुलगी दहावीला. जूनमध्ये क्लासचे १,४०,००० भरायचे आहेत, असं तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिलंय. ती ओळ पत्राच्या सुरुवातीला असायला हवी होती.

पाटल्यांबद्दल एवढंच, की त्या वहिनींच्या आहेत. पत्रात त्यांचं मत कुठे दिसलं नाही. त्यांना विचारलं असेल आणि त्यांनी मनापासून हो म्हटलं असेल, तरी छंदासाठी सोनं गहाण ठेवू नका, असं मी त्यांनाही सांगेन. छंद सुरू असताना दर महिन्याला व्याजाची आठवण येत राहिली, तर त्या छंदाची गोडी जाते.

आता वाद्याकडे वळू. पैशाइतकंच इथेही अडतंय, आणि हे कळल्यावर तुमचा निर्णय सोपा होईल असं वाटतं.

कॉन्सर्टिना एकाच जातीची नसते. चार्ल्स व्हीटस्टन, म्हणजे आपण डिप्लोमाला ज्याच्या नावाचा विजेचा रोध मोजायचा ब्रिज शिकलो तोच, त्याने १८४४ मध्ये पेटंट घेतलं ते इंग्लिश पद्धतीच्या वाद्याचं. त्यात भाता दाबा किंवा ओढा, एका बटणाला एकच स्वर. आपल्या पेटीची पट्टी जशी वागते तसंच. साधारणपणे ४८ बटणं, सगळे बाराही स्वर, आणि सप्तकातले लागोपाठचे स्वर एकदा डाव्या हातात, एकदा उजव्या. दुसरी अँग्लो. तिचं मूळ जर्मनीत, केम्निट्झच्या कार्ल उलिगने १८३४ च्या सुमारास काढलेल्या वाद्यात. त्यात दाबताना एक स्वर आणि ओढताना दुसरा, माउथ ऑर्गनमध्ये फुंकताना आणि ओढताना होतं तसं. आयरिश नाचाच्या चालींना जी लचक लागते ती या उलटसुलट भात्यातून येते. म्हणून तिथे अँग्लोला मान.

तुम्हाला मिळतेय ती अँग्लो, सी-जी. म्हणजे तिच्या घरच्या पट्ट्या, ज्यांना सा धरून वाजवणं सोपं जातं त्या, पांढरी एक आणि पांढरी पाच. तुमच्या भजनी मंडळात कोणत्या पट्टीत गातात? बुवा काळी एक धरत असतील, बायका काळी चार किंवा काळी पाच. ३० बटणांच्या अँग्लोत तिसरी रांग असते, त्यामुळे काळे स्वर बहुतेक मिळतात. पण एखादा फक्त दाबताना आणि त्याच्या शेजारचा फक्त ओढताना, असे विखुरलेले. पांढरी एकमध्ये 'रूप पाहता लोचनी' महिन्याभरात बसवाल. तेच काळी चारमध्ये न्यायचं म्हटलं तर भाता कुठे वळवायचा यातच जीव जाईल. तुम्हाला आयरिश चाली वाजवायच्या असतील तर अँग्लो बरोबर आहे. अभंग वाजवायचे असतील तर बहुधा तुम्हाला इंग्लिश पद्धतीचं वाद्य लागेल. पत्रावरून मला हे कळलं नाही, आणि माझा अंदाज आहे की तुमचंही अजून ठरलेलं नाही. न ठरणं अगदी स्वाभाविक आहे, वाजवल्याशिवाय ते ठरत नाही. पण न ठरलेल्या गोष्टीवर दोन लाख लावू नयेत.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. जाळीदार लाकडी बाजू सुरेख आहे, हाडाची बटणं झिजून गुळगुळीत झालेली, पाहताच हात लावावासा वाटतो. तुमचं मन का गेलं ते कळलं. पण आतल्या फोटोत तीन गोष्टी दिसतात. सुरांच्या फळीवरच्या दोन चामडी झडपा टोकाला वर वळल्या आहेत; त्या बदलाव्या लागतील, काम किरकोळ आहे. भात्याच्या एका कोपऱ्यावर वेगळ्या रंगाचं ठिगळ आहे. हवा किती सुटते ते वाजवूनच कळेल. आणि खालच्या सप्तकाच्या एका सुराच्या मुळाशी तपकिरी डाग आहे. तो गंज असेल तर तो सूर मोडेपर्यंत वाजेल आणि मग मोडेल. त्या जागी बाजारातला सूर बसत नाही. कॉन्सर्टिनाचा प्रत्येक सूर स्वतःच्या पितळी चौकटीत असतो, आणि ती चौकट फळीतल्या तिरक्या खाचेत घट्ट बसवलेली असते. जोडीचा सूर करून घ्यावा लागतो.

विकणाऱ्याने 'मूळ स्वरात' असं लिहिलंय. तुम्हाला ते कौतुकाचं वाटलं असेल, पण मी तिथेच थांबलो. त्या काळची बरीच इंग्लिश वाद्यं आजच्या ४४० हर्ट्झच्या मापापेक्षा चढ्या स्वरात लावलेली असत, ४५२ च्या आसपास. मूळ स्वर तसाच ठेवला असेल तर ती कॉन्सर्टिना तुमच्या पेटीशी, तानपुऱ्याच्या अॅपशी, कशाशीच जुळणार नाही. जुळवायची तर सगळे सूर घासून उतरवावे लागतील. ३० बटणांच्या अँग्लोत दाबण्याचे वेगळे आणि ओढण्याचे वेगळे, असे साठ सूर. ते २०,००० मध्ये होईल का, हे विकणाऱ्याकडून नाही, तिथल्या दुरुस्ती करणाऱ्याकडून लेखी घ्या.

नाशिकमध्ये पेटी दुरुस्त करणारे चांगले हात आहेत. सूर घासून चढवणं-उतरवणं त्यांना येतं, टोकाकडे घासला की चढतो, मुळाकडे घासला की उतरतो. पण पेटीचे सूर पितळेचे, हे स्टीलचे. शिवाय बाहेर काढून लावलेला सूर परत खाचेत बसवला की थोडा सरकतो. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने शंभर वर्षांच्या वाद्यावर हात बसवू नये. त्यांच्याशी ओळख मात्र आत्तापासून ठेवा, नवीन वाद्य उघडून दाखवा, त्यांनाही आवडेल.

हवेचंही बघा. तिकडचं लाकूड तिकडच्या थंड दमट हवेत मुरलेलं. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आकसतं, सुरांच्या चौकटी सैल होतात, फटीतून हवा जाते. जूनपासून चार महिने उलट. स्टीलच्या सुरांना गंजाची भीती. उपाय अवघड नाहीत. बंद पेटी, पावसाळ्यात सिलिका जेल, आणि आत ठेवायला काही शे रुपयांचा आर्द्रता मोजणारा छोटा डायल. पण रोज लक्ष हवं, आणि ही सवय ४८,००० च्या वाद्यावर लागलेली बरी.

म्हणजे नवीनच घ्या, असं मी म्हणतोय. ४८,००० च्या वाद्याला पुढे कुणी विचारत नाही, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं मान्य करतो. वर्षाने सोडून दिलंत आणि ते शून्य रुपयांना गेलं असं धरा. नुकसान ४८,०००. जुनी घेऊन वर्ष-दोन वर्षांनी सोडून दिलीत, परत पाठवणं, कमिशन, कागदपत्रं यातून जाऊन साठ टक्के हातात आले असं धरा, आणि हे मी उदारपणे धरतोय. नुकसान ८२,०००, वर सोन्यावरचं व्याज, आणि मधल्या काळात १,८०,००० वर आलेली एफडी. वाईटात वाईट काय होईल हे बघून निर्णय घ्यायचा असेल, तर किंमत न टिकणारं वाद्य तुम्हाला स्वस्त पडतं. मात्र नवीनही अँग्लो की इंग्लिश, हे वर म्हटल्याप्रमाणे चालींवरून ठरवा. पाठवण्याआधी भावाला वाजवून पाहायला सांगा, बटण दाबल्यावर लगेच वर येतं का, आणि एकही बटण न दाबता वाद्य एका बाजूला उचलून धरलं तर भाता आपोआप झटकन उघडतो का.

ते ४८,०००ही एफडीतून नकोत. आधी जूनची फी. मग तुमच्या चौघांचा स्वतःचा आरोग्य विमा, हा माझ्या यादीत वाद्याच्या आधी आहे आणि यावर मी तडजोड करणार नाही. चांगल्या महिन्यात १५,००० शिल्लक राहतात असं तुम्ही लिहिलंय. त्यातले ६,००० वेगळ्या आरडीत टाका, नाव हवं ते द्या. दिवाळीचा बोनस त्यात मिळवलात तर यंदाच नवीन वाद्य हातात येईल. ते आल्यावरही आरडी थांबवू नका. त्यातून शिकवणीची फी जाईल. नाशिकमध्ये शिकवणारं कुणी सापडलं नाही आणि ऑनलाइन महिन्याला पाच हजार पडतात, असं म्हणता. तर पहिले सहा महिने आठवड्याऐवजी पंधरवड्याने शिकवणी घ्या. पेटीमुळे कान तयार आहे, स्वरज्ञान आहे, तुम्हाला शिकावी लागेल ती फक्त बोटांची जागा आणि भात्याची दिशा.

ही लाशेनाल हातची जाईल, ही तुमची हुरहुर पत्रात ओळीओळीत दिसते. ती समजते. पण या कंपनीने हजारोंनी वाद्यं बनवली, ती बाजारात येत राहतात. दुर्मिळ म्हणतात ती वेगळी, जेफ्रीजची वगैरे, आणि त्यांच्या किमतीही वेगळ्या. दोन वर्षं वाजवून झाल्यावर तुम्हीच मला सांगाल की कोणती पद्धत, कोणता स्वर, स्टील की पितळ. तेव्हा एफडी पाच लाखांची झालेली असेल आणि आरडीत पैसे असतील, तर मी आनंदाने हो म्हणेन आणि ते पैसे परत येतील का हे विचारणारही नाही. त्या वेळी शंभर वर्षांच्या अलीकडची, म्हणजे १९३० च्या आसपासची व्हीटस्टन कंपनीची मिळाली तर आधी ती बघा. त्या कंपनीच्या बऱ्याच जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने जपल्या आहेत, वाद्यावरच्या नंबरावरून साल काढता येतं. सालाचा असा पुरावा विकताना उपयोगी पडतो.

एवढं वाचूनही हीच घ्यायची ठरवलीत, तर काही गोष्टी चुकवू नका. व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतली तर ब्रिटनच्या कायद्याने १४ दिवसांत परत करता येते. खाजगी विकणाऱ्याकडून घेतली तर ही सोय नाही. त्या १४ दिवसांत भावाने ती दुरुस्ती करणाऱ्याला उघडून दाखवावी. बटणं हाडाची आहेत हे बिलावर लिहून घ्या. हस्तिदंत असा शब्द कुठेही आला तर हात लावू नका, वन्यजीव कायद्यात अडकाल. भाऊ सामानात घेऊन येईल तेव्हा शुल्कमुक्त मर्यादेच्या वरच्या किमतीवर कस्टम्स शुल्क लागेल. तुमच्या २,०५,००० मध्ये ते धरलेलंच नाही. बिल कमी किमतीचं करून घेऊ नका, विमाही मग तेवढ्याच रकमेचा मिळेल.

आणि पत्राच्या तळाशी 'आत्याला इथे रुपये देईन, भाऊ तिकडे पौंड देईल' असं जे सहज लिहिलंय, ते कुठल्याही परिस्थितीत करू नका. घरातला व्यवहार असला तरी इथे रुपये देऊन त्या बदल्यात परदेशात वस्तू घेणं फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. पैसे तुमच्या बँकेतून, कारण नमूद करून, थेट पाठवायचे. नवीन वाद्य भावाकडून मागवलंत तरी हेच. त्याची पावती आणि वाद्याचं बिल एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि नवीन वाद्य ऑर्डर करण्याआधी तुमच्या मंडळात कोणत्या पट्ट्यांत गातात ते मला कळवा. अँग्लो की इंग्लिश हे त्यावरून ठरवू.